‘रटाळ आहे’ म्हणण्याआधी

मंडळी, नमस्कार.

आजचा विषय रोजच्या बोलण्यातला आहे. घरी सिनेमा बघितला, दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, ‘कसा आहे गं?’ आणि आपण दोन वाक्यांत उत्तर दिलं. याला कुणी समीक्षा म्हणत नाही, म्हणूही नये. पण आपण आजवर जे सिनेमे बघितले, त्यांतले किती समीक्षा वाचून बघितले आणि किती ‘अरे, तो बघच’ असं कुणीतरी म्हणालं म्हणून बघितले, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं. बघायचे राहून गेले त्यांतलेही बरेच कुणाच्या तरी ‘काही खास नाही’मुळेच राहिले असतील. म्हणून ही दोन वाक्यं मला हलकी वाटत नाहीत. त्याला एक घरचं कारण आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझी आत्या सत्तरीच्या पुढची आहे. तिला सिनेमाची मनापासून आवड. संध्याकाळी तिचा फोन येतो, ‘अगं, आज काय लावू?’ मी सांगेन ते ती बघते, नको म्हणेन ते सोडून देते. एवढा विश्वास आहे तिचा. काही वर्षांपूर्वी मी यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ बघितला. 1953 चा, कृष्णधवल, दोन तास सोळा मिनिटांचा जपानी सिनेमा. लांबच्या गावात राहणारे म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांना भेटायला येतात, मुलं आपापल्या कामांत गुंतलेली असतात, आईवडील परत जातात. वरवर पाहिलं तर एवढीच गोष्ट. मी तो तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यांनी बघितला. डोक्यात दिवसभराचं काम, हातात फोन, एक डोळा पडद्यावर आणि एक फोनवर. आत्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘नको बघूस. रटाळ आहे. काही घडतच नाही त्यात.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि विषय संपला.

वर्षभराने एका सुट्टीच्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा लावला. या वेळी फोन दुसऱ्या खोलीत होता आणि सकाळची वेळ होती. एका बैठकीत बघितला. त्यातलं एक दृश्य मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही आणि पुढचं काही कळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांची मी आधीच माफी मागते, कारण या दृश्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

मुलांना वेळ नसतो, म्हणून ती आईवडिलांना अतामी नावाच्या समुद्रकाठच्या ठिकाणी पाठवून देतात. तिथल्या मुक्कामात रात्रभर इतरांचा गोंगाट चालतो आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी दोघं समुद्रालगतच्या बांधावर शेजारी-शेजारी बसतात. आता घरी परत जाऊ या, असं बोलणं होतं. तो उठतो. ती उठायला जाते आणि तिचा तोल जातो, ती तिथेच खाली टेकते. काय झालं, तो विचारतो. ती सांगते, जरा चक्कर आल्यासारखं झालं, रात्री झोप झाली नाही ना. मग ती उठते आणि दोघं बांधावरून चालू लागतात. झालं. कॅमेरा धावत तिच्या चेहऱ्याजवळ जात नाही, ‘इकडे लक्ष द्या’ म्हणून कुणी खूण करत नाही. काही सेकंदांचं काम आहे. पण सिनेमा संपतो तेव्हा ती बाई या जगात नसते, आणि त्याची पहिली चाहूल त्या बांधावर लागलेली असते. मुलांपैकी कुणी तिथे नसतं. ती चक्कर फक्त नवऱ्याने बघितलेली असते आणि आपण.

मी पहिल्या खेपेला ती बघितलीच नव्हती. त्या काही सेकंदांत माझी नजर फोनवर असणार. ‘काही घडतच नाही’ असं मी ज्याला म्हणाले, त्यातलं सगळ्यात मोठं घडणं माझ्या समोरून निघून गेलं होतं.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या खेपेला लक्षात आली. आमच्या टीव्हीचं सेटिंग ‘पडदा भरून दाखवा’ असं होतं. हा सिनेमा जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीतला आहे. रुंदी उंचीच्या 1.37 पट. आजचा टीव्ही 16 बाय 9, म्हणजे सुमारे 1.78 पट. खरं तर असा सिनेमा लावला की डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसायला हवेत. ते पट्टे म्हणजे बिघाड नव्हे, चित्र जसं काढलं तसंच दिसत असल्याची ती खूण आहे. पण पट्टे नकोत म्हणून चित्र ताणलं की प्रत्येक चेहरा सुमारे 30 टक्के रुंद होतो. खांदे पसरतात, खोल्या बसक्या दिसतात. ओझूंचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास ठेवलेला असतो, त्यांची चौकट मोजूनमापून रचलेली असते. ती सगळी रचना मी ताणून विस्कटून टाकली होती आणि वर मत दिलं होतं.

इथे मला अभिनवगुप्तांची आठवण येते. साधारण हजार वर्षांपूर्वीचा हा काश्मिरी पंडित. भरताच्या नाट्यशास्त्रावरचं त्याचं भाष्य, ‘अभिनवभारती’, प्रसिद्ध आहे. रसाचा अनुभव येण्याच्या आड काय काय येतं, याची त्याने सात विघ्नं सांगितली आहेत. सगळी सांगत बसत नाही, दोनच सांगते. एकाचं नाव आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. म्हणजे बघणारा स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. दुसरं ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे ज्या साधनांतून आपल्याला ते कळायचं, ती साधनंच अपुरी किंवा सदोष असणं. हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही दोन विघ्नं वाचताना मला माझ्या त्या तीन रात्री आठवल्या. दिवसाचा शीण आणि हातातला फोन हे पहिलं विघ्न, ताणलेलं चित्र हे दुसरं.

आणि पहिल्या विघ्नावर अभिनवगुप्त उपायही सांगतो. वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप, यांनी प्रेक्षकाचं मन रंगवून घ्यायचं, म्हणजे तो स्वतःच्या विवंचना बाजूला ठेवून नाटकाकडे वळतो. म्हणजे बघा, मंडप ही नुसती बसायची जागा नव्हती. प्रेक्षकाला प्रेक्षक करण्याचं काम तो मंडप करत होता. थिएटरही हेच करतं. अंधार होतो, पडदा मोठा असतो, आवाज चारी बाजूंनी येतो, उठून जायचं तर शेजारच्यांचे पाय ओलांडावे लागतात. घरी यातलं काहीच नसतं. उजेड असतो, दाराची घंटा वाजते, कुणीतरी मधूनच विचारतं, ‘हा कोण? मघाचाच का?’ घरात मंडप आपला आपण उभा करावा लागतो, आणि रोज तो उभा राहत नाही. त्यात कुणाची चूक नाही. दमलेल्या माणसाने सिनेमा बघू नये असं मी मुळीच म्हणणार नाही, दमलेल्या माणसालाच तर त्याची गरज असते. माझी विनंती इतकीच, की मत देताना मंडपाची हकिकतही सांगावी. ‘रात्री अकराला लावला, दोनदा उठावं लागलं, शेवटचा अर्धा तास पेंगत बघितला. मला पकड जाणवली नाही.’ हे बोलणं कितीतरी जास्त कामाचं आहे. ऐकणाऱ्याला कळतं की यातलं किती सिनेमाचं आणि किती त्या रात्रीचं. तो स्वतःचा हिशेब करू शकतो. नुसतं ‘पकड घेत नाही’ म्हटलं की सगळा भार सिनेमावर पडतो, आणि सिनेमा काही उत्तर द्यायला येत नाही.

साधनांचं थोडं आणखी सांगते, कारण ते फार जणांच्या लक्षात येत नाही आणि दोष भलत्याच्याच माथी जातो. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने चित्रित होतो. आजचे बरेच टीव्ही या चित्रांच्या मधली चित्रं स्वतः तयार करून घालतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. खेळाचे सामने बघायला ते बरं असतं. पण सिनेमाला त्याने वेगळीच कळा येते. लाखमोलाचं छायाचित्रण रोजच्या मालिकेसारखं, स्टुडिओत व्हिडिओवर घेतल्यासारखं दिसतं. मग आपण म्हणतो, ‘काहीतरी स्वस्तातलं वाटलं बुवा.’ 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एक व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं होतं की टीव्हीतलं हे सेटिंग बंद करा. पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, त्यात ही कारागिरी बंदच असते. तुमच्या टीव्हीत तो असेल तर आजच लावून बघा.

आवाजाचंही तसंच. ‘आजकालचे नट पुटपुटतात, एक शब्द कळत नाही’, ही तक्रार मी घरोघरी ऐकते. पुटपुटत असतील, नाही म्हणत नाही. पण थिएटरसाठी आवाजाची जुळणी होते तेव्हा संवाद मुख्यतः मधल्या, पडद्यामागच्या स्पीकरमधून येतात, संगीत आणि इतर आवाज आजूबाजूच्या स्पीकरांतून. घरच्या पातळ टीव्हीत दोन छोटे स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. मधलं, बाजूचं, मागचं असं सगळं त्या दोघांत कोंबलं जातं. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की पुढच्या स्फोटाला घर हादरतं. म्हणून आता आपल्याच भाषेतल्या सिनेमालाही लोक सबटायटल लावून बसतात. त्यात वाईट काही नाही, पण सबटायटल वाचताना नजर पडद्याच्या तळाशी जाते आणि नटाचा चेहरा निसटतो. ‘अभिनय सपाट वाटला’ असं म्हणताना हेही आठवावं.

मध्यंतराचं थोडक्यात सांगते. आपल्याकडचे बरेच सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले असतात. तिथे एक झटका दिलेला असतो आणि प्रेक्षक त्यावर बोलत बाहेर पडावा असं गृहीत असतं. घरी मध्यंतर येतच नाही, पुढचं दृश्य लगेच सुरू होतं आणि तो झटका उगाच दिल्यासारखा वाटतो.

आता शब्दांकडे येते, कारण आपलं मत शेवटी शब्दांतून जातं. आपल्याकडे सिनेमासाठी ठरलेले पाच-सहा शब्द आहेत आणि आपण तेच फिरवतो. छान, ठीक, टाइमपास, बोअर, रटाळ, संथ. यातले ‘संथ’ आणि ‘रटाळ’ आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि तिथे मी स्वतः चुकले. मराठीत पाणी संथ असतं. संथ पाण्याला खोली असू शकते. आलापी संथ असते. संथ हा वेगाबद्दलचा शब्द आहे आणि त्यात निंदा नाही. रटाळ मात्र, जे पुढे जात नाही, तेच ते उगाळतं, ते. वेगवान सिनेमाही रटाळ असू शकतो. तासभर गाड्यांचा पाठलाग चाललाय आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर नवं काहीच कळत नाही, तो रटाळ. ‘टोकियो स्टोरी’ संथ आहे. रटाळ नाही. मी आत्याला जर ‘संथ आहे, शांतपणे बघावा लागेल’ असं सांगितलं असतं, तर ते खरंही झालं असतं आणि तिने तो लावलाही असता. संथपणाची तिला अडचण कधीच नव्हती.

‘एकदा बघायला हरकत नाही’ हे वाक्यही मला फार खटकतं. या वाक्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही म्हणजे काही लागत नाही. ना काय आवडलं ते कळतं, ना काय खटकलं ते. त्याऐवजी एक गोष्ट सांगा, एकच, पण जवळून बघितलेली. ‘त्यात एक पोलीस आहे, तो जबाब घेताना सारखी पेनाची टोपी लावतो आणि काढतो, आणि खरं कळल्यावर टोपी लावायचं विसरतो.’ मी आत्ता हे मनानेच रचलं, पण असं कुणी सांगितलं तर मी तो सिनेमा लावीन, पुढे तो फसला तरी मला वाईट वाटणार नाही. अशी गोष्ट सांगायला सिनेमाचं शिक्षण लागत नाही. कॅमेऱ्याची भाषा यावी लागत नाही. बघितलेलं असावं लागतं, एवढंच.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘रॉटन टोमॅटोज’ या 1998 पासून चाललेल्या संकेतस्थळावर सिनेमापुढे टक्के दिसतात. ते गुण नव्हेत. किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे, त्याचे ते टक्के. 60 किंवा त्याहून जास्त झाले की सिनेमा ‘ताजा’. म्हणजे सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलेला सिनेमा 100 टक्के मिळवू शकतो, आणि निम्म्यांनी जीव ओवाळून टाकलेला आणि निम्म्यांनी नाकारलेला 50 वर राहतो. मला तर तो दुसरा सिनेमा बघावासा वाटतो. नेटफ्लिक्सने 2017 मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत काढून अंगठा वर किंवा खाली, एवढंच ठेवलं. यंत्राला पुढचं काय सुचवायचं ते कळायला एवढं पुरत असेल. माणसाला माणसाने सुचवताना अंगठा पुरत नाही.

घरी बघण्याच्या उणिवा मी बऱ्याच सांगितल्या. पण घराने सिनेमाला जे दिलं आहे तेही मोठं आहे. ‘अंदाज अपना अपना’ 1994 मध्ये आला तेव्हा थिएटरात चालला नाही. त्याच वर्षीचा हॉलिवूडचा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ही तिकीटबारीवर पडला. दोन्ही सिनेमे उभे राहिले ते घरांमध्ये, व्हिडिओ कॅसेटवर आणि टीव्हीवर, पुन्हा पुन्हा बघून, एकमेकांना सांगून. थिएटरात पहिल्या शुक्रवारी सिनेमाचा निकाल लागतो. घरात निकालाला मुदत नसते. मी माझं मत वर्षभराने बदलू शकले, कारण तो सिनेमा तिथेच होता, माझी वाट बघत. आणि मत बदललं तर ते सांगावं. जिला ‘नको बघूस’ म्हटलं होतं, तिलाच फोन करून सांगावं. हे जरा जड जातं, पण करावं. अर्धवट सोडला असेल तर तेही सांगावं, त्यात लाज कसली? ‘चाळीस मिनिटांनी बंद केला’ हीसुद्धा खरी साक्ष आहे. मात्र चाळीस मिनिटं बघून शेवटाबद्दल बोलू नये.

तर मी आत्याला फोन केला. सगळं सांगितलं, तीन रात्री, फोन, ताणलेलं चित्र. म्हणाले, ‘आत्या, मी तेव्हा चुकीचं सांगितलं. संथ आहे, पण बघ. आणि टीव्हीच्या कडेला काळे पट्टे दिसले तर दिसू देत.’ ती म्हणाली, ‘बघते. पण माझ्याच्याने एका बैठकीत नाही व्हायचा गं.’ मी म्हटलं, नको होऊ दे.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. दोन दुपारींत बघितला होता. बांधावरच्या चक्करेबद्दल ती बोलेल असं मला वाटत होतं. ती त्याबद्दल बोललीच नाही. म्हणाली, ‘ती शेजारीण बघितलीस का गं तू? सुरुवातीला ही दोघं निघायची तयारी करत असतात, तेव्हा ती खिडकीतून डोकावून बोलते बघ. शेवटी तो एकटा बसलेला असतो, तेव्हाही तीच बाई तशीच खिडकीत येते. खिडकी तीच, शेजारीण तीच, आत मात्र एक माणूस कमी.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मला तिथे फार वेळ बसवलं त्याने.’

मी तो सिनेमा दोनदा बघितला होता. ती शेजारीण माझ्या लक्षात आली नव्हती.